चौदा लाखांचा पालक

वाचकाचे पत्र:

"माझे यजमान दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. आम्ही ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहतो. लोकलने जाता-येता रुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढणारी पालेभाजी दिसते आणि मग बाजारातली जुडी हातात घेताना मन कचरते. अशात यजमानांच्या पुतण्याने एक योजना आणली आहे. सोसायटीच्या तळमजल्यावरचा ४०० चौरस फुटांचा गाळा भाड्याने घ्यायचा, एक कंपनी त्यात चार मजली रॅक, एलईडी दिवे, पंप आणि एसी बसवून देणार, मातीशिवाय पालक आणि लेट्यूस पिकवायचे आणि सगळा माल कंपनीच ठरलेल्या भावाने परत घेणार. खर्च १४ लाख रुपये असून सगळा खर्च वजा जाता महिना ४५ हजार 'नक्की' सुटतील, असे सांगतात. हे पैसे यजमानांच्या ग्रॅच्युइटीतून जातील. यजमान उत्साहात आहेत, मला मात्र झोप लागत नाही. अशी भाजी खाण्यास चांगली असते का? धंदा म्हणून हे कितपत खरे आहे? आणि धंदा नाहीच जमला, तर घरापुरते काही करता येईल का? आमची बाल्कनी पूर्वेची आहे आणि पाणी बहुतेक टँकरचे असते."
एक वाचक, ठाणे

सप्रेम नमस्कार,

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरे एकसारखी नाहीत. मातीविना वाढवलेली भाजी खाण्यास चांगली असते. बंद गाळ्यातला धंदा तुम्ही कळवलेल्या आकड्यांत बसत नाही. आणि घरापुरते म्हणाल, तर पूर्वेच्या बाल्कनीत बरेच काही करता येते. ग्रॅच्युइटीचा प्रश्न असल्यामुळे मधल्या उत्तराला सर्वांत जास्त जागा देत आहे.

आधी भाजीविषयी. झाडाला उभे राहण्यासाठी आधार, मुळांपाशी ओलावा व हवा आणि पाण्यात विरघळलेली अन्नद्रव्ये एवढे मातीकडून हवे असते, आणि हे सर्व दुसऱ्या मार्गाने पुरवले तर माती नसल्याने त्याचे काही अडत नाही. जर्मनीत युलिउस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी १८६०च्या दशकातच नुसत्या पाण्यात मोजके क्षार विरघळवून त्यावर रोपे वाढवून दाखवली होती. भारतातही ही गोष्ट नवी नाही; १९४६ साली शोल्टो डग्लस यांनी दार्जिलिंगजवळच्या कालिम्पाँग येथे खडी-वाळूच्या वाफ्यांत भाजीपाला घेण्याचे प्रयोग सुरू केले आणि ती पद्धत पुढे 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली गेली. शेणखतातला नत्र मुळांना प्रामुख्याने मिळतो तोही जिवाणूंनी त्याचे अमोनियम किंवा नायट्रेट केल्यानंतरच. त्यामुळे पाण्यातून थेट नायट्रेट घेतलेला पालक 'कृत्रिम' आणि शेतातला 'नैसर्गिक', ही विभागणी झाडाच्या दृष्टीने फारशी खरी नाही. मात्र हे नायट्रेट शेणखतातून नव्हे तर विरघळवलेल्या क्षारांतून येत असल्यामुळे त्या भाजीला सेंद्रियही म्हणता येत नाही. पुतण्याने आणलेल्या माहितीपत्रकात 'शंभर टक्के ऑरगॅनिक' असे शब्द असतील, तर कंपनीच्या इतर विधानांकडेही त्याच नजरेने पाहावे.

पौष्टिकतेत मोठा फरक पडतो तो ताजेपणाने. पालेभाजीतले क जीवनसत्त्व तोडणीनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे सकाळी काढून दुपारी शिजवलेला पालक, मग तो कुंडीतला असो, शेतातला असो की पाण्यातला, दोन दिवसांचा प्रवास केलेल्या जुडीपेक्षा चांगलाच. एक सावधगिरी मात्र सांगतो: कमी उजेडात आणि भरपूर नत्रावर वाढलेल्या पालेभाजीत नायट्रेट साठते. म्हणून खताचे पाणी गरजेपेक्षा कडक ठेवू नये, आणि ढगाळ दिवसांत भल्या पहाटेऐवजी दिवस थोडा वर आल्यावर, शक्य झाल्यास दुपारनंतर, पाने काढावीत.

रुळांकडेच्या भाजीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली आपल्या कर्मचाऱ्यांना रुळांलगतची जमीन भाजीपाल्यासाठी दिली, आणि तेथे नाल्याचे पाणी वापरले जाते ही तक्रार मुंबईत जुनीच आहे. सांडपाण्यातील जंतू शिजवल्याने मरतात. पण जड धातू पानाच्या आत शोषले गेले असतील, तर ते मिठाच्या पाण्याने धुऊनही निघत नाहीत. तरीही हे ध्यानात घ्यावे की वाशीच्या बाजारात येणारी बरीचशी पालेभाजी नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतून रात्रीच्या गाड्यांनी येते. तेव्हा भाजीवाल्या मावशींना माल कुठला आहे हे विचारणे आणि एकाच भरवशाच्या ठिकाणाहून घेणे हा बिनखर्चाचा उपाय आधी करून पाहावा. केवळ या भीतीपोटी १४ लाख घालण्याचे कारण नाही.

आता धंदा. कंपनीच्या कागदावर पाण्याची बचत, जागेची बचत, बारमाही पीक हे मुद्दे ठळक छापलेले असतील, आणि ते खोटे नाहीत. २०१५ साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी तेथील लेट्यूसच्या शेतीची तुलना हायड्रोपोनिक्सशी, म्हणजे मातीविना पाण्यावर केलेल्या शेतीशी, केली, तेव्हा एका किलोमागे शेतात सुमारे २५० लिटर आणि हायड्रोपोनिक्समध्ये सुमारे २० लिटर पाणी लागते, तर तितक्याच जागेतले उत्पन्न जवळजवळ ११ पट मिळते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्याच अभ्यासातला तिसरा आकडा माहितीपत्रकांत सहसा सापडत नाही: ऊर्जा सुमारे ८२ पट लागते. तेही हरितगृहात, जिथे सूर्यप्रकाश मिळतच असतो. तुमच्या गाळ्यात तर सूर्य अजिबात येणार नाही.

म्हणून हिशेब कागदावर मांडून पाहू. यजमानांनाही तो मांडायला सांगावा. गाळ्याचे क्षेत्र ४०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. ये-जा करायची जागा, टाकी, पॅकिंगचे टेबल सोडून रॅकखाली निम्मी जागा येते, आणि चार मजले धरले तर पिकाखाली सुमारे ७० चौरस मीटर क्षेत्र मिळते. पालेभाजीला दिवसभरात लागणारा प्रकाश चांगल्या प्रतीच्या एलईडीने द्यायचा, तर दर चौरस मीटरला रोज साधारण दीड युनिट वीज जाते. म्हणजे रोज १०५ युनिट, महिन्याला सव्वातीन हजारांच्या आसपास. हे दिवे सोळा तास चालवायचे म्हटले, तर साडेसहा किलोवॅटचा भार होतो, आणि दिव्यांनी घेतलेली जवळपास सर्व वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन राहते. घोडबंदरच्या मे महिन्यात, दारे-खिडक्या बंद असलेल्या गाळ्यात साडेसहा किलोवॅटचा हीटर सोळा तास लावून ठेवल्यासारखे ते आहे. ही उष्णता बाहेर काढायला दोन टनांचा एसी जवळजवळ सतत चालवावा लागेल. त्याचे हजारभर युनिट, शिवाय पंप, पंखे आणि पानांतून हवेत जाणारी वाफ काढण्याचा खर्च. एकूण महिना साडेचार हजार युनिट धरा. व्यापारी वापराचा दर स्थिर आकार मिळून युनिटला १० रुपयांहून कमी धरणे शहाणपणाचे नाही, म्हणजे बिल झाले ४५ हजार रुपये. कंपनी जितके 'सुटतील' म्हणते, नेमके तितकेच.

या विजेवर पिकेल किती? सर्व काही सुरळीत चालले, तर चौरस मीटरला महिन्याकाठी तीन ते साडेतीन किलो पाला मिळतो. रोपांसाठी राखलेली जागा, न उगवलेली आणि सडलेली रोपे वजा जाता महिना दोनशे-सव्वादोनशे किलो हाताशी येईल. म्हणजे किलोला सुमारे दोनशे रुपये केवळ विजेचे. पावकिलोच्या जुडीमागे पन्नास रुपये विजेत गेले, आणि गाळ्याचे भाडे, बियाणे, खते, पॅकिंग, मजुरी, १४ लाखांवरचे बुडालेले व्याज हे अजून बाकीच आहे. ठाण्याच्या मंडईत पालकाची जुडी ज्या भावाने मिळते, तो भाव तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. लेट्यूस महाग विकते हे खरे. पण ते घेणारी हॉटेले भाव, वजन आणि वेळ या तिन्हींत काटेकोर असतात, आणि उन्हात पिकवलेले लेट्यूसही त्यांच्या दारी येतच असते.

माझे आकडे थोडे इकडेतिकडे होऊ शकतील. दिवे अधिक कार्यक्षम निघाले, एसी चांगला मिळाला, तर बिल ३५ हजारांवरही येईल. मात्र त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही. अमेरिकेत याच हिशेबाने मोठमोठ्या कंपन्यांना जेरीस आणले. कोलंबिया विद्यापीठातील डिक्सन डेस्पोमिए यांनी १९९९पासून आपल्या विद्यार्थ्यांबरोबर बहुमजली शेतीची कल्पना मांडायला सुरुवात केली, तिच्याभोवती पुढे प्रचंड भांडवल गोळा झाले. त्यातल्या एरोफार्म्सने जून २०२३मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला, बॉवरी फार्मिंगने नोव्हेंबर २०२४मध्ये काम बंद केले आणि प्लेंटी ही कंपनी मार्च २०२५मध्ये त्याच वाटेने न्यायालयात गेली. या मंडळींकडे अभियंते, पैसा आणि बाजारपेठ यांपैकी कशाचीही वानवा नव्हती. दुबईत २०२२ साली विमानतळानजीक अशीच एक प्रचंड बंदिस्त शेती सुरू झाली; पण तेथे बाहेर वाळवंट आहे आणि कोवळा पाला एरवी विमानाने आणावा लागतो. सिंगापूरला नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न आयात करावे लागते. त्यांची गरज निराळी, तेव्हा त्यांचा हिशेबही निराळा. नाशिकहून रात्री निघालेली कोथिंबीर पहाटे वाशीला पोचते, अशा मुलखात दिव्याखाली पालक वाढवायला तितकेच सबळ कारण हवे, आणि ते मला दिसत नाही.

या विषयात फुशारकी मारण्याची परंपराही जुनीच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी १९३०च्या दशकात पाण्यावर वाढवलेले पंचवीस फुटी टोमॅटोचे वेल दाखवले, तेव्हा वर्तमानपत्रांनी शेतजमिनीचे दिवस संपले असे लिहून टाकले होते. त्याच विद्यापीठातील होगलंड आणि आर्नन यांनी तपासणी करून १९३८ साली शांतपणे सांगितले की चांगल्या मातीत जितके येते त्याहून पाण्यात मुळात काही अधिक येत नाही, आणि उजेडाची मर्यादा दोन्हीकडे तीच आहे. गंमत म्हणजे याच दोघांच्या नावाचे अन्नद्रावण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. त्या पद्धतीवर त्यांचा राग नव्हता. तिच्याभोवती रचलेल्या आशेला त्यांनी मोजमाप लावले.

राहता राहिला बायबॅकचा, म्हणजे कंपनीनेच माल परत घेण्याचा, करार. आपल्याकडे एमू या शहामृगासारख्या पक्ष्यांचे पिंजरे उभे राहिले तेही खात्रीच्या खरेदीच्या बोलीवर, आणि २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत हजारो कुटुंबांचे पैसे अडकले तेही त्याच बोलीवर. तुमच्यापुढे आलेली कंपनी तशीच आहे असे मी म्हणत नाही, तिचे नावही मला ठाऊक नाही. पण जी कंपनी तुम्हाला यंत्रसामग्री विकते, तीच माल घेणार असेल, तर तिची खरी कमाई यंत्रसामग्रीत आहे की भाजीत आहे, हा प्रश्न उरतोच. भाजीत एवढा फायदा असता, तर कंपनीने स्वतःच्या पैशाने गाळे भाड्याने घेतले असते.

पुतण्या घरचा आहे, आणि कदाचित त्याचा स्वतःचाही यावर मनापासून विश्वास असेल. म्हणून नकार देण्यापेक्षा त्याच्याकडे काही कागद मागावेत. वर्षभर चाललेल्या एखाद्या गाळ्याची बारा महिन्यांची वीजबिले, कंपनीने निवडलेल्या नव्हे तर तुम्ही यादीतून निवडलेल्या दोन ग्राहकांची प्रत्यक्ष भेट, आणि कराराचा मसुदा. मसुद्यात मुख्य पाहायचे ते हे की माल 'प्रतवारीत नापास' ठरवण्याचा अधिकार कोणाचा, आणि कंपनीने खरेदी थांबवल्यास भरपाई कोणती व कशाच्या तारणावर. तो मसुदा वकिलाला दाखवावा. वीजबिले मिळेपर्यंत एक रुपयाही आगाऊ देऊ नये, टोकन म्हणूनही देऊ नये.

यजमानांच्या उत्साहाला मात्र मोडता घालू नका. निवृत्तीनंतर हाताला आणि डोक्याला काम हवेच असते, आणि झाडांचे काम त्या दृष्टीने उत्तम. त्यांना खरोखर या शेतीत उतरायचे असेल, तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हायटेक पुष्प व भाजीपाला प्रकल्पात किंवा तळेगाव दाभाडे येथील हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमध्ये प्रशिक्षणवर्गांची चौकशी करावी, घरी एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासह, पीक घेऊन पाहावे, आणि मग वाटलेच तर शहराबाहेर शेडनेटखाली, उन्हात, कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) वा पाण्यावर छोटी सुरुवात करावी. नेदरलँड्समधली टोमॅटोची काचगृहेसुद्धा मातीविना चालतात, पण मुख्यतः सूर्यावर चालतात. ठाण्यात कोरड्या ऋतूत उघड्या गच्चीवर पालेभाजीच्या गरजेच्या दुपटीहून अधिक ऊन पडते, आणि त्याचे बिल येत नाही.

आता तुमची बाल्कनी. पूर्वेचे तीन-चार तासांचे थेट ऊन पालेभाजीला पुरते. टोमॅटो, वांगी, भेंडी यांना पुरत नाही, तेव्हा त्यांचा नाद करू नये. बाजारात पाईपांचे उभे मनोरे, पंपासह, दहा-पंधरा हजारांना मिळतात आणि छायाचित्रांत ते सुंदर दिसतात. मी सुरुवातीला ते घेऊ नका असे सांगेन. एक तर खालच्या रोपांवर वरच्यांची सावली पडते. दुसरे असे की पाईपांतून पाण्याची पातळ धार सतत वाहावी लागते, आणि महावितरणचा शटडाऊन एप्रिलच्या दुपारी दोन-तीन तास लांबला, तर सगळी रोपे माना टाकतात. उंचीचा फायदा घ्यायचाच, तर भिंतीला टेकवून पायऱ्यांची लोखंडी मांडणी करावी, म्हणजे प्रत्येक पायरीला आपले ऊन मिळते.

त्या पायऱ्यांवर स्थिर पाण्याची पद्धत वापरावी. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी ती रूढ केली आणि तिला पंप, वीज, टायमर यांतले काहीच लागत नाही. वीस-पंचवीस लिटरचा, सुमारे वीत-सव्वा वीत खोल, अपारदर्शक प्लास्टिकचा टब घ्यावा. त्याला घट्ट बसणारे झाकण असावे आणि झाकणाला साधारण सहा इंचांच्या अंतराने सहा छिद्रे पाडून त्यांत जाळीच्या छोट्या कुंड्या, म्हणजे नेट पॉट, बसवावेत. रोप कोकोपीटमध्ये वेगळे तयार करून, दोन-तीन खरी पाने आली की नेट पॉटमध्ये ठेवावे. सुरुवातीला द्रावणाची पातळी कुंडीच्या तळाला लागेल इतकी ठेवायची. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते, वरची मुळे हवेत उघडी पडतात आणि हवा घेऊ लागतात, खालची पाणी घेत राहतात. येथेच बहुतेकांचे चुकते: पाणी कमी झालेले पाहून दयेपोटी टब पुन्हा काठोकाठ भरला जातो, हवेला सरावलेली मुळे बुडतात आणि दोन दिवसांत रोप पिवळे पडते. पाणी फारच उतरले, तर तळापासून दोन-तीन इंच राहील एवढेच घालावे.

झाकण आणि टब यांच्यात, तसेच छिद्र आणि नेट पॉट यांच्यात फट राहता कामा नये. उजेड आत गेला तर शेवाळ धरते, हे एक. त्याहून गंभीर गोष्ट डेंग्यूच्या डासांची आहे, कारण त्यांना असेच स्वच्छ, साठलेले पाणी लागते. पावसाळ्यात पालिकेचे लोक अळ्या तपासायला घरोघर येतात आणि अळ्या सापडल्यास नोटीसही मिळते. फटी स्पंजच्या पट्टीने बंद कराव्यात आणि आठवड्यातून एकदा झाकण उचलून आत पाहावे.

खताच्या बाबतीत कृषी सेवा केंद्रात गेल्यावर तुमच्या हाती बहुधा १९:१९:१९ची, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेल्या खताची, पुडी दिली जाईल. द्राक्ष-डाळिंबाच्या ठिबकसाठी ते खत चांगले आहे, पण नुसत्या त्यावर पाण्यातली भाजी वाढत नाही. त्यात कॅल्शियम नसते आणि नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो, जो मातीतल्या जिवाणूंवाचून मुळांच्या फारसा कामी येत नाही. हायड्रोपोनिक्ससाठीचे 'ए' आणि 'बी' अशा दोन भागांत येणारे खतच घ्यावे. हे दोन भाग कडक स्वरूपात कधीही एकमेकांत मिसळू नयेत. 'ए'मध्ये कॅल्शियम नायट्रेट असते, 'बी'मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. ते थेट भेटले की खडूसारखा गाळ तळाशी बसतो आणि त्या गाळातले अन्न झाडाला मिळत नाही. आधी टबात पूर्ण पाणी, मग 'ए' टाकून ढवळणे, मग 'बी', हा क्रम पाळावा.

तुमच्या बाबतीत खरी डोकेदुखी टँकरच्या पाण्याची होईल, आणि बहुतेक सल्लागार तिच्याबद्दल बोलत नाहीत. टँकरमधून येणारे बोअरवेलचे पाणी जड असते, त्यातल्या बायकार्बोनेटमुळे द्रावणाचा सामू (पीएच) सात-साडेसातच्या वर चढतो आणि मग पाण्यात लोह असूनही रोपाला ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की हेच झाले असे समजावे. आणखी खत घालून ते बरे होत नाही. पाण्याचा फिल्टर बसवणाऱ्याकडे असते तसले, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर आणि एक सामू मोजण्याचे पेन, एवढी दोन साधने घ्यावीत. टँकरच्या पाण्याचा टीडीएस ३००च्या पुढे असेल, तर त्यात निम्मे पालिकेचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी मिसळावे. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणायला बाजारात पातळ केलेले फॉस्फरिक आम्ल 'पीएच डाऊन' या नावाने मिळते. ते थेंबाथेंबाने, हातमोजे घालून आणि नेहमी पाण्यात आम्ल या क्रमाने टाकावे. लिंबू किंवा व्हिनेगर चालेल असे कोणी सांगितले, तर त्याचा परिणाम दोन दिवसांत ओसरतो हे लक्षात ठेवावे. द्रावणाचा कडकपणा, ज्याला ही मंडळी ईसी म्हणतात, पालेभाज्यांना १.२ ते १.८ (मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर) पुरे.

पीक निवडताना ऋतू पाहावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा ठाण्यातला सुखाचा काळ. त्यात पालक, लेट्यूस, पाक चोय (एक चिनी पालेभाजी), शेपू, पुदिना हे सर्व येते. आपला पालक बिटाच्या कुळातला असल्यामुळे विलायती स्पिनचपेक्षा उकाडा बराच सोसतो. लेट्यूस मात्र मार्चनंतर कडू होऊन तुऱ्यावर जाते. एप्रिल-मेमध्ये टबातले पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, २० अंशांना लिटरमागे नऊ मिलीग्रॅम तर ३० अंशांना साडेसातच, आणि नेमक्या त्याच वेळी मूळकूज करणारी बुरशी जोर धरते. मुळे पांढरी असावीत. ती तपकिरी, बुळबुळीत झाली आणि वास येऊ लागला, तर ते पाणी टाकून टब धुऊन घ्यावा. बाहेरून टबाला पांढरा रंग दिल्याने थोडा फरक पडतो. या दोन महिन्यांत लाल माठ किंवा अळू घ्यावे, नाहीतर सरळ सुट्टी घ्यावी. अळूला पाण्याशी जमवून घ्यायला शिकवावे लागत नाही. कोकणात मोरीच्या मागे ते पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहे. कोथिंबीर आणि मेथी टबात लावू नये. त्या कोकोपीट भरलेल्या उथळ ट्रेमध्ये दाट पेराव्यात आणि हेच खताचे पाणी निम्मे पातळ करून द्यावे. मावा आणि पांढरी माशी मात्र सातव्या मजल्यावरही येते; पानांची मागची बाजू दर दोन दिवसांनी पाहणे आणि प्रादुर्भाव दिसताच साध्या पाण्याच्या फवाऱ्याने धुणे याने बहुतेक वेळा भागते.

तीन-चार टबांतून आठवड्याला दोन जुड्या मिळाल्या तरी समाधान मानावे. तुमच्या घरची सगळी भाजी यातून निघणार नाही, आणि कोणी निघेल म्हणाले तर त्याने स्वतः कधी केलेले नाही असे खुशाल समजावे.

सोसायटीच्या गच्चीचा विषय तुम्ही काढलेला नाही, पण बाल्कनी जमली की तो निघतोच, म्हणून थोडक्यात. गच्ची सर्वांची असते. सर्वसाधारण सभेचा ठराव झाल्याशिवाय तेथे काही ठेवू नये. ये-जा असलेली गच्ची सामान्यतः चौरस मीटरला सुमारे १५० किलो जादा भाराच्या हिशेबाने बांधलेली असते. फूटभर ओली माती तेवढ्याच जागेत पाचशे किलोंच्या घरात जाते, आणि पाण्याची २०० लिटरची टाकीही २०० किलोंची असतेच. त्यामुळे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत घ्यावे. उसाचे चिपाड आणि पालापाचोळा यांवर मुंबईच्या गच्च्यांत भाजी पिकवण्याचा मार्ग आर. टी. दोशी यांनी दाखवला होता, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२पासून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. मीटर, पेन आणि आम्लाच्या बाटल्या यांचा तुम्हाला कंटाळा आला, तर हा मार्ग अधिक सोपा आहे. भारही हलका, कचराही जिरतो, आणि चूक झाली तर ती सांभाळून घेण्याची ताकद कंपोस्टमध्ये असते, जी पाण्यात अजिबात नसते.

सुरुवात दोन टबांनी करावी आणि दोन्हींत एकदम रोपे न लावता पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे, म्हणजे एकाची तोडणी होईस्तोवर दुसरा तयार होतो. पालक मुळासकट उपटू नये. बाहेरची मोठी पाने देठापाशी कापून घेतल्यास तेच रोप आणखी दोन-तीन तोडे देते. पीक संपल्यावर उरलेले द्रावण मोरीत ओतू नये, त्यात दुप्पट पाणी मिसळून ते कुंड्यांना घालावे. नव्या पिकासाठी टब ब्लीचिंगच्या सौम्य पाण्याने धुऊन, एक दिवस उन्हात उपडा ठेवून मगच भरावा.